स्वतंत्र जिमसाठी मालमत्ता करातली सवलत : मागायची कशी, टिकवायची कशी, आणि आरोग्याच्या हिशेबात दाखवायची कशी

एका मालकाच्या, एकाच जागेत चालणाऱ्या जिमचे खर्च पाहिले तर भाडे, पगार आणि वीज यांच्या मागोमाग मालमत्ता कर येतो. बाकीचे खर्च थोडेफार हलवता येतात, हा हलत नाही. मेंबर कमी झाले, महिना मंदीत गेला, दुरुस्तीसाठी हॉल बंद ठेवला, तरी बिल तेवढेच येते, कारण हा कर कमाईवर नसून जागेवर असतो. जिमला तर जागा भरपूर लागते. एका रॅकभोवती माणूस सुरक्षित हलायला चार-पाच चौरस मीटर मोकळे हवेत. तेवढ्या जागेत एखादे दुकान जिमच्या कितीतरी पट उलाढाल करते.

म्हणून सवलतीची मागणी रास्त आहे. पण "आम्ही लोकांना निरोगी ठेवतो" एवढ्या एका वाक्यावर ती मिळत नाही, आणि मिळाली तरी पुढच्या वर्षी टिकत नाही. कामाचा क्रम असा ठेवा.

आधी बिल तपासा, सवलत नंतर

बहुतेक ठिकाणी कराचे सूत्र एकच असते : जागेचे ठरवलेले मूल्य, गुणिले दर, वजा सवलती. मूल्य ठरवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत जागेला वर्षाला किती भाडे येऊ शकेल याचा अंदाज धरतात, दुसरीत जागा विकली तर काय किंमत येईल याचा. आपल्याकडे कोणती लागू आहे हे बिलावर किंवा आकारणीच्या उताऱ्यावर लिहिलेले असते. तो उतारा मागवून घ्या. नुसते बिल पुरत नाही, त्यात आकडा असतो पण आकडा कसा आला ते नसते.

उताऱ्यावर पाच गोष्टी पाहायच्या : क्षेत्रफळ, वापराचा प्रकार, मजला, बांधकामाचे वर्ष आणि प्रकार, आणि सामाईक भाग कोणाच्या नावावर धरला आहे. सगळ्यांत जास्त चुका क्षेत्रफळात सापडतात. समजा हॉल आतून 12 मीटर बाय 18 मीटर आहे, म्हणजे 216 चौरस मीटर. कोणी बाहेरून मापले आणि भिंती 23 सेंटिमीटरच्या असतील तर तेच 12.46 बाय 18.46 होते, म्हणजे 230 चौरस मीटर. साडेसहा टक्के वाढ नुसत्या टेपच्या जागेमुळे! नियम आतले माप सांगतो की बाहेरचे, हे वाचा आणि स्वतः मापून नकाशा काढा. पोटमाळा, जिना, चेंजिंग रूम, पार्किंग यांची मापे वेगवेगळी लिहा. अनेक नियमांत या भागांना पूर्ण दर लागत नाही, पण उताऱ्यात सगळे एका बेरजेत गेलेले असते.

वापराचा प्रकारही नीट पाहा. आधी तिथे शोरूम किंवा रेस्टॉरंट होते आणि नोंद तशीच राहिली, असे खूप वेळा होते. ज्या ठिकाणी वापराप्रमाणे दर बदलतो तिथे एवढी एक नोंद दुरुस्त झाली तर सवलतीपेक्षा जास्त बचत होऊ शकते.

यंत्रांचा प्रश्न वेगळा आहे. हलवता येणारी ट्रेडमिल, डंबेल, बेंच हे सहसा इमारतीच्या मूल्यात धरत नाहीत. जमिनीत पक्की बसवलेली रचना, लिफ्ट, मोठी वातानुकूलन यंत्रणा मात्र धरली जाऊ शकते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तर व्यवसायाच्या उपकरणांवर स्वतंत्र कर आहे आणि तिथे जिमला यंत्रांची यादी दरवर्षी द्यावी लागते. अशा ठिकाणी भंगारात गेलेली यंत्रे यादीतून काढायला लोक विसरतात आणि नसलेल्या सायकलींवर कर भरत राहतात.

क्षेत्रफळाची चूक सवलतीच्या उंबरठ्याजवळ दुहेरी मारते. इंग्लंडमध्ये छोट्या व्यवसायांसाठी जी कायमची सवलत आहे, तिच्यात एकाच जागेचा वापर करणाऱ्या व्यवसायाचे करपात्र मूल्य 12,000 पौंडांपर्यंत असेल तर कर पूर्ण माफ होतो, आणि 12,001 ते 15,000 पौंडांच्या दरम्यान माफी क्रमाने उतरत शून्यावर येते. 13,500 ला ती निम्मी राहते. आता 12,000 मूल्याच्या जागेत वरची साडेसहा टक्क्यांची चूक घुसली आणि मूल्य त्याच प्रमाणात वाढून 12,780 झाले, तर माफी 100 वरून 74 टक्क्यांवर येते. म्हणून आधी हरकत, मग सवलतीचा अर्ज. दोन्ही एकाच कागदात घालू नका. हरकतीचा विभाग वेगळा असतो, मुदत वेगळी असते, आणि मिसळलेला अर्ज दोन टेबलांमध्ये लोंबकळत राहतो.

हरकतीची मुदत बहुधा नोटीस किंवा बिल मिळाल्याच्या तारखेपासून धावते, म्हणून पाकीट जपून ठेवा. हरकत चालू असली तरी कर थांबवू नका. नियमात सोय असेल तर "हरकत राखून" असे लिहून भरा, पावती घ्या. थकबाकीदाराला सवलत देत नाहीत ही अट बऱ्याच ठिकाणी आढळते, आणि व्याज चढते ते वेगळेच.

कोणत्या दारातून आत जायचे

सवलती चार तऱ्हेच्या असतात. पहिली व्यवसायाच्या आकारावर, जशी वर सांगितली. दुसरी क्षेत्रावर, म्हणजे किरकोळ विक्री, खानपान, विरंगुळा अशा गटांना ठरावीक काळापुरती. तिसरी संस्थेच्या स्वरूपावर : धर्मादाय, ना-नफा, हौशी क्रीडा क्लब. चौथी स्थानिक संस्थेच्या मर्जीवर, जिथे कायदा "देता येईल" म्हणतो आणि समिती ठरवते. खासगी स्वतंत्र जिमला पहिली आणि दुसरी हक्काने मिळू शकते, चौथी मिळवावी लागते, आणि तिसरीच्या मागे लागून पुष्कळ जण वर्ष वाया घालवतात.

तिसरीचे का जमत नाही ते पाहा. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत सामुदायिक हौशी क्रीडा क्लबला 80 टक्के सवलत बंधनकारक आहे. पण क्लब सर्वांना खुला हवा, हौशी पायावर चाललेला हवा आणि त्याचा मुख्य हेतू मान्यताप्राप्त खेळाचा हवा. मालकाला नफा जाणारी जिम यात बसत नाही. तसे बसवायचे असेल तर मालकीच सोडावी लागते. उलट बाजूची तक्रारही खरी आहे. अमेरिकेत वायएमसीएसारख्या ना-नफा संस्थांना मालमत्ता कर माफ असतो आणि त्यांच्या शेजारची खासगी जिम तीच यंत्रे ठेवून पूर्ण कर भरते. कॅन्सस राज्यात याच कारणावरून खासगी हेल्थ क्लबना करातून वगळण्याची विधेयके मांडली गेली आणि वर्षानुवर्षे वाद चालला. अर्जात हा मुद्दा लिहायला हरकत नाही, पण तो जपून लिहा. "त्यांना माफ, मग आम्हालाही माफ" हे ऐकून अधिकारी विचारतो, ते गरजूंना फी कमी करतात, तुम्ही करता का? उत्तर तयार नसेल तर मुद्दा उलटतो.

दुसऱ्या तऱ्हेतली अडचण म्हणजे मुदत. इंग्लंडमध्ये किरकोळ विक्री, खानपान आणि विरंगुळा गटाला, ज्यात जिम येतात, 2024-25 मध्ये 75 टक्के सवलत होती. 2025-26 मध्ये ती 40 टक्के झाली. तेवढ्याच जागेचे बिल एका वर्षात 25 वरून 60 वर गेले, म्हणजे अडीच पटींच्या जवळ. अशा सवलतीच्या भरवशावर पाच वर्षांचा भाडेकरार किंवा यंत्रांचे कर्ज उचलू नका. हिशेब पूर्ण कर धरून मांडा आणि सवलत आली तर ती वेगळ्या खात्यात ठेवा.

त्याच योजनेत एक गोष्ट शहाणपणाची होती : एका व्यवसायाला सगळ्या जागा मिळून वर्षाला जास्तीत जास्त 1,10,000 पौंड. शंभर शाखांच्या साखळीला त्यात फार काही मिळत नाही, एका हॉलवाल्याला पूर्ण मिळते. "स्वतंत्र" कोणाला म्हणायचे हा कीस काढण्यापेक्षा अशी मर्यादा बरी. फ्रँचायझी घेतलेला पण एकाच जागेचा मालक स्वतंत्र की नाही? भावाच्या नावावर दुसरी शाखा असेल तर? व्याख्येने प्रश्न वाढतात, मर्यादेने आपोआप सुटतात. स्थानिक योजना आखणाऱ्यांपर्यंत तुमचा आवाज पोहोचत असेल तर हेच सुचवा.

भाड्याची जागा असेल तर आधी करार उघडा

बहुतेक स्वतंत्र जिम भाड्याच्या जागेत असतात आणि इथेच सवलत गळते. करार दोन प्रकारचे : भाड्यात कर धरलेला, किंवा कर भाडेकरूने वेगळा भरायचा. पहिल्या प्रकारात बिल मालकाच्या नावावर येते, सवलतही त्याच्याच बिलात वजा होते, आणि तुम्हाला कळतही नाही. दुसऱ्या प्रकारात ती लगेच तुमच्या हातात येते, पण भाडे नव्याने ठरायच्या वेळी मालक म्हणतो, तुमचा खर्च कमी झाला आहे, भाडे वाढवा. जिथे मोठे हॉल मोजके आहेत तिथे कराचा आणि सवलतीचा बराच भाग शेवटी भाड्यात मुरतो, हे अर्थशास्त्रात जुने आहे.

उपाय कागदावरच. करारात तीन वाक्ये घाला : जागेच्या वापरामुळे मिळणारी कोणतीही कर-सवलत भाडेकरूला मिळेल, मालक बिलाची प्रत आल्यापासून ठरावीक दिवसांत देईल, पुढचे भाडे ठरवताना ही सवलत विचारात घेतली जाणार नाही. मालक तिसऱ्याला नाही म्हणण्याची शक्यता मोठी आहे. मग निदान सवलतीच्या मुदतीपुरते तरी ते मान्य करून घ्या.

अर्ज कोण करणार हेही इथेच ठरते. कर-खाते मालकाच्या नावे, परवाना तुमच्या फर्मच्या नावे, वीजबिल तिसऱ्याच नावे, अशी फाइल पहिल्याच टेबलावर परत येते. तिन्ही नावांचा दुवा दाखवणारा भाडेकरार आणि मालकाचे संमतिपत्र सोबत जोडा.

आरोग्याची बाजू : सवलत पैशात परत देऊ नका, वेळेत द्या

अर्जात सगळेच लिहितात की सवलत मिळाली तर फी कमी करू. हे आश्वासन गणितात टिकत नाही. समजा वर्षाची फी-जमा 100 आहे, त्यात कर 5. निम्मी सवलत म्हणजे 2.5. सगळी मेंबरांना वाटली तर हजाराच्या फीमागे पंचवीस कमी होतात. पंचवीससाठी घरी बसलेला माणूस जिममध्ये येत नाही. जो आधीच येतो त्याचे पंचवीस वाचतात, एवढेच.

कॅनडाने 2007 मध्ये मुलांच्या खेळ-व्यायामाच्या फीवर आयकरात सवलत दिली होती. फायदा बराचसा सुस्थितीतल्या कुटुंबांकडे गेला, कारण फी आधी भरायची आणि सवलत नंतर. 2017 पासून ती बंद झाली. सार्वजनिक आरोग्याला फरक पडतो तो आज अजिबात व्यायाम न करणारा माणूस हलू लागला की, आणि असे लोक थोडे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगातले 31 टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. 2010 मध्ये हे प्रमाण सुमारे 26 टक्के होते. तिची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम अशी आहे. चालणे रस्त्यावर होते, बागेत होते. वजनाचा व्यायाम, तोही साठीनंतर, कोणाच्या तरी नजरेखाली व्हावा लागतो, आणि जिमचे खरे योगदान तिथे आहे. ताकद आणि तोल यांच्या व्यायामाने म्हाताऱ्या माणसांचे पडणे कमी होते आणि टाइप 2 मधुमेहात साखर आटोक्यात राहायला मदत होते, हे पक्के ठाऊक आहे.

जिमकडे फुकट देता येईल अशी एकच गोष्ट असते : रिकामा वेळ. सकाळची गर्दी ओसरल्यापासून संध्याकाळपर्यंत हॉल ओस पडलेला असतो. भाडे चालू, कर चालू, यंत्रे उभी. त्या वेळात बाहेरचे लोक घेतले तर वाढणारा खर्च म्हणजे एका ट्रेनरचा वेळ आणि थोडी वीज. हिशेब असा : रोज 2 तास, आठवड्यात 5 दिवस, वर्षात 48 आठवडे, म्हणजे 480 तास. तासाला 8 जण धरले तर 3,840 हजेऱ्या. आठवड्यात दोनदा येणारे 40 लोक यात बसतात. गैरहजेरी धरून 8 ऐवजी 6 मोजा, म्हणजे 2,880. आता 480 तासांचे ट्रेनरचे मानधन काढा आणि सवलतीच्या रकमेशेजारी ठेवा. मानधन जास्त असेल तर तास कमी करा. अर्जात हीच दोन ओळींची बेरीज घाला. अधिकाऱ्याला ती समितीपुढे वाचून दाखवता येते.

हे 40 लोक कोण, ते लिहून ठरवा : 60 वर्षांवरचे किंवा डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेले, आणि गेल्या सहा महिन्यांत कुठेही व्यायाम न केलेले. शेवटची अट सोडू नका. ती नसेल तर तुमचेच मेंबर फी वाचवायला दुपारी येतील आणि सवलतीचा सगळा अर्थ जाईल. मात्र डॉक्टरांची चिठ्ठी हा एकमेव रस्ताही ठेवू नका. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेने 2014 मध्ये सांगितले की एरवी निरोगी पण सुस्त माणसांना नुसते हलते करण्यासाठी चिठ्ठीच्या योजनांवर पैसा घालू नये. ज्यांना आजार आहे किंवा धोका आहे त्यांच्यासाठी चिठ्ठी, बाकीच्यांसाठी थेट नोंदणी.

मोजायचे काय

मेंबरांचा आकडा पुरावा नाही. अमेरिकेतल्या 2006 च्या एका गाजलेल्या अभ्यासात महिन्याला 70 डॉलरहून जास्त भरणारे मेंबर महिन्याकाठी सरासरी 4.3 वेळाच जिममध्ये येत होते. हजेरी मोजा.

पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारा : गेल्या सात दिवसांत किती दिवस मिळून 30 मिनिटे किंवा जास्त वेळ दम लागेल अशी हालचाल केली? उत्तर 0 ते 7. त्यानंतर नेहमीची आरोग्य-तपासणी प्रश्नावली. छातीत दुखणे, चक्कर, हृदयविकार, नुकतेच झालेले ऑपरेशन यांपैकी कशालाही "हो" आले तर आधी डॉक्टर.

साठीच्या पुढच्यांसाठी खुर्चीची चाचणी घ्या. हात नसलेली, बैठक सुमारे 43 सेंटिमीटर उंच असलेली खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर आडवे, 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहिले ते मोजा. हाताचा आधार घेतला तर ती गणना शून्य. खुर्ची बदलू नका. बारा आठवड्यांनी उंच स्टुलावर चाचणी घेतली तर सगळ्यांचीच प्रगती झालेली दिसेल आणि आकडे निरुपयोगी होतील. रक्तदाब घेणार असाल तर पाच मिनिटे शांत बसवून, आणि दोन्ही वेळा व्यायामाआधी.

बारा आठवड्यांनी तेच सगळे पुन्हा. अहवालात चार आकडे पुरे : किती आले, किती टिकले, हालचालीचे दिवस किती वाढले, खुर्चीच्या चाचणीत किती फरक. सोडून गेलेल्यांना बेरजेतून वगळू नका. 40 पैकी 22 टिकले तर तसेच लिहा. फक्त 22 जणांची सरासरी दाखवली की प्रश्न येतोच, आणि मग बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही विश्वास बसत नाही. नावांऐवजी क्रमांक वापरा, आणि पाचपेक्षा कमी माणसांचा गट वेगळा दाखवू नका, कारण छोट्या वस्तीत तो कोण ते लगेच ओळखू येते. आजार कमी झाले, दवाखान्याचा खर्च वाचला असले दावे अजिबात करू नका. 40 माणसांच्या वर्षभराच्या नोंदीतून ते सिद्ध होत नाही.

अर्जाची फाइल आणि ती कुठे अडते

क्रम : एक पानाचा अर्ज, ज्यात कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली मागता ते पहिल्याच ओळीत. मग आकारणीचा उतारा, मापांचा नकाशा, करार व संमतिपत्र, परवाने, करभरणाच्या पावत्या, 480 तासांचा तक्ता, आणि शेवटी मोजणीची पद्धत. पोच घ्या, पोचेवर पानांची संख्या लिहून घ्या.

अडते ते बहुधा या ठिकाणी : हॉलच्या कोपऱ्यात प्रोटीनचे दुकान किंवा कॅफे आहे आणि नकाशात ते व्यायामाच्या जागेत दाखवले आहे. ते वेगळे दाखवा, त्याच्यावर सवलत मागू नका. वरची खोली फिजिओथेरपिस्टला पोटभाड्याने दिली आहे, पण सांगितलेले नाही. दुसरी शाखा उघडली आणि छोट्या व्यवसायाची सवलत चालूच ठेवली. ही शेवटची महागात पडते, कारण फरक मागच्या तारखेपासून वसूल होऊ शकतो, काही ठिकाणी दंडासह. बदल झाला की लेखी कळवा. सवलत चालू असताना पोटमाळा टाकायचा किंवा बांधीव भाग वाढवायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या. नवी आकारणी झाली की मूल्य उंबरठ्याच्या वर जाऊ शकते.

नकार आला तर कारण लेखी मागा. "निधी नाही" असे कारण असेल तर टक्का कमी करून पुन्हा मागता येते, किंवा सवलतीऐवजी हप्ते मागता येतात. "नियमात बसत नाही" असेल तर अपील, मुदतीच्या आत. मंजूर झाली तर आदेशात मुदत कधी संपते ते पाहा आणि त्याच्या चार महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका, तोपर्यंत बारा आठवड्यांचे निदान दोन गट पूर्ण झालेले असावेत. मुदत वाढणार नाही असे कळले तर दुपारच्या मंडळींना निदान आठ आठवडे आधी सांगा, घरी खुर्ची आणि रबरी पट्ट्यावर करता येतील असे पाच-सहा व्यायाम शिकवा, आणि ज्यांना परवडेल त्यांना दुपारच्या कमी फीत सामावून घ्या.